गिराण आणि वेधशाळा

(लोणावळे येथे मावळातील नवदीक्षित बौद्ध कुटुंबांच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या मेळाव्यात मी आकाशाविषयी बोलणार हे ऐकून काही मंडळींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. घरकुलाचे अर्ज पडून आहेत, मुलांच्या शिष्यवृत्त्या अडल्या आहेत, दाखल्यासाठी कचेरीत खेटे घालावे लागतात, आणि हा गृहस्थ चंद्रताऱ्यांच्या गोष्टी सांगणार! त्यांची शंका रास्त आहे. परंतु तिचे उत्तर मी आकाशातून देणार नाही. आपल्याच वस्तीच्या इतिहासातून देणार आहे.

"दे दान, सुटे गिराण!" ही आरोळी येथील वडीलधाऱ्यांपैकी कित्येकांनी आपल्या आजा-आजीच्या तोंडून ऐकली असेल, किमानपक्षी तिच्याविषयी ऐकले असेल. ग्रहण लागले की महार-मांगांच्या बायापुरुषांनी टोपली घेऊन गावात फिरावे, ही आरोळी द्यावी, आणि घराघरातून जुने कपडे, मूठभर धान्य, एखादे तांब्याचे नाणे लांबून टाकले जाईल ते उचलून घ्यावे, अशी रीत महाराष्ट्रात गावोगावी होती. तिच्यामागील समजूत अशी की, सूर्यचंद्र हे राहू-केतूंचे ऋणको; राहू-केतू हे जातीने मांग आणि महार; ते वसुलीस येऊन सूर्याला धरतात, आणि त्यांच्या जातभाईंना दान मिळाले म्हणजे सोडून देतात. पाहा, कसा चमत्कार आहे! एरवी ज्याची सावली अंगावर पडली तर विटाळ होई, त्याच्याच मध्यस्थीवाचून सूर्याची सुटका होत नसे. गावाने आम्हाला आकाशात राक्षस करून बसविले आणि जमिनीवर भिकारी करून फिरविले; आणि आम्हीही त्या दोन्ही भूमिका पिढ्यानपिढ्या वठविल्या, कारण त्या दिवशी पोटाला मिळे.

1956 साली नागपूरला धर्मांतर झाले आणि गावकीच्या इतर लाजिरवाण्या कामांबरोबर गिराण मागणेही वस्त्यांनी टाकून दिले. काही गावांत ते त्याआधीच बंद पडले होते. परंतु मागणे सुटले म्हणजे भय सुटले, असे झाले काय? ज्यांनी अलीकडेच धम्माचा स्वीकार केला आहे त्या कुटुंबांना मी विचारतो. मागच्या ग्रहणात घरातील गरोदर सुनेला अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवले होते की नाही? तिने विळीला हात लावू नये, नाहीतर मुलाचा ओठ फाटतो, असे कोणी बजावले होते की नाही? टोपली टाकली, पण जिच्यामुळे ती हाती आली ती समजूत मात्र माळ्यावर जपून ठेवली आहे.

आता ग्रहण म्हणजे काय हे ह्या देशात कोणाला ठाऊकच नव्हते असे म्हणाल तर ते खरे नाही. आर्यभटाने इ. स. 499 च्या सुमारास आपल्या ग्रंथात स्पष्ट सांगितले की, सूर्याला चंद्र झाकतो आणि चंद्राला पृथ्वीची छाया झाकते. चंद्राचा मार्ग सूर्याच्या मार्गाशी सुमारे 5 अंश कललेला असल्यामुळे दर अमावास्येस व पौर्णिमेस ग्रहण होत नाही. दोन्ही मार्ग जेथे छेदतात त्या बिंदूंच्या जवळ अमावास्या वा पौर्णिमा आली तरच ते होते. पंचांगकर्त्यांनी त्या छेदबिंदूंना राहू आणि केतू ही नावे दिली आणि गणित केले. म्हणजे पंचांगाच्या आकड्यांतील राहू हा एक बिंदू होता, आणि ओसरीवर सांगावयाचा राहू हा राक्षस होता. एकाच घरात दोन राहू सुखाने नांदत होते!

ब्रह्मगुप्ताची गोष्ट तर फारच बोधप्रद आहे. 628 सालच्या आपल्या ग्रंथात तो ग्रहणाचे गणित छायेवरूनच मांडतो. पण राहू नाही असे म्हणणाऱ्या आर्यभटादिकांवर, त्यांनी वेदस्मृतींना बाध आणला म्हणून, तो टीकाही करतो. सुमारे चारशे वर्षांनी अल्बेरुनी ह्या परदेशी पंडिताने ते वाचले आणि तो चकित झाला. सत्य ठाऊक असलेला मनुष्य असे का लिहितो? सॉक्रेटिसावर जी आपत्ती ओढवली तशी आपल्यावरही ओढवेल ह्या भयाने तर नव्हे, असा तर्क त्याने केला. कारण काहीही असो. ज्ञान होते, ते पोथीत होते, आणि पोथी ज्यांच्या घरी होती त्यांनी ते गावाला दाखविले नाही. त्यामुळे आर्यभटानंतर चौदा-पंधराशे वर्षांनीही आमचे आजोबा टोपली घेऊन धावत होते.

येथे एक गोष्ट आडपडदा न ठेवता सांगितली पाहिजे. राहू आपल्याही ग्रंथांत आहे. संयुत्त निकायात चंदिम सुत्त आणि सुरिय सुत्त अशी दोन लहान सुत्ते आहेत. त्यांत असुरेंद्र राहू चंद्राला व सूर्याला धरतो, ते भगवंताला शरण जातात आणि भगवंताच्या सांगण्यावरून राहू त्यांना सोडतो. उद्या शेजारचा कोणी हे काढून दाखवील तेव्हा खजील होण्याचे अथवा ते नाकारण्याचे कारण नाही. त्या काळच्या लोकसमजुतीच्या भाषेत ती सुत्ते आहेत. मात्र दीघ निकायाच्या ब्रह्मजाल सुत्तात, चंद्रग्रहण होईल, सूर्यग्रहण होईल, त्याचे अमुक फळ मिळेल असे सांगून उपजीविका करणे हीन विद्येत गणले आहे आणि तथागत तिच्यापासून अलिप्त आहेत असे म्हटले आहे, हेही लक्षात ठेवावे. दोन्ही वचने समोर ठेवून कालामांना दिलेल्या उपदेशाप्रमाणे स्वतः पडताळून पाहावे. पडताळून पाहण्याची सोय कोठे आहे, एवढाच प्रश्न उरतो. त्यासाठी वेधशाळा.

वेधशाळा म्हटले की आपल्यापुढे सरकारी घुमट उभा राहतो. पुण्यात असा एक घुमट होता. भावनगरच्या महाराजा तख्तसिंहजींच्या देणगीतून 1888 साली पुण्याच्या सायन्स कॉलेजात वेधशाळा निघाली. ती उभारणारे प्रोफेसर कावसजी दादाभाई नेगमवाला हे पारशी गृहस्थ. त्यांच्याकडील वीस इंची आरशाची दुर्बीण पुढे कित्येक वर्षे देशातील सर्वांत मोठी दुर्बीण होती. 22 जानेवारी 1898 रोजी खग्रास सूर्यग्रहणाचा पट्टा महाराष्ट्रावरून गेला, तेव्हा सोलापूरच्या वाटेवरील जेऊर येथे नेगमवालांनी आपली यंत्रे नेऊन मांडली. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची तुकडीही तेथेच उतरली होती. ज्या दिवशी जेऊरच्या माळावर सूर्याच्या प्रभामंडळाची छायाचित्रे घेतली जात होती, त्याच दिवशी आसपासच्या गावांतून आमच्या लोकांची आरोळी उठत असेल ह्याविषयी मला शंका वाटत नाही. दोन्ही गोष्टी एकाच सूर्याखाली, काही कोसांच्या अंतरावर.

आणि त्या वेधशाळेचे पुढे काय झाले? 1912 साली नेगमवाला निवृत्त झाले, वेधशाळा बंद झाली, यंत्रे दक्षिणेत कोडाईकॅनॉलला गेली. राजाची देणगी होती, सरकारचा आश्रय होता, विद्वान प्रमुख होता. नव्हते ते एवढेच की, ती आपली आहे असे म्हणणारी माणसे गावात नव्हती.

ह्याच्या उलट दुसरे उदाहरण त्याच शहरातील आहे. 22 ऑगस्ट 1944 रोजी, महायुद्ध चालू असताना, पुण्यात ज्योतिर्विद्या परिसंस्था स्थापन झाली. हौशी आकाशनिरीक्षकांची ही आपल्या देशातील सर्वांत जुनी संस्था होय. तिला राजा नाही. दिवसा आपापले काम करावयाचे आणि सायंकाळी दुर्बिणीचे झाकण काढावयाचे, अशा सभासदांनी ती चालविली आहे. एक पिढी थकली की दुसरी हाताशी येते. लोकांना आकाश दाखविणे, नवशिक्यांचे वर्ग घेणे, शहराबाहेर अंधारात रात्रभर निरीक्षणास नेणे ही तिची कामे. मुंबईकडे हॅलेच्या धूमकेतूच्या निमित्ताने 1985-86 च्या सुमारास खगोल मंडळ निघाले. त्याचे कार्यकर्ते घाटाखाली वांगणीस लोकांना घेऊन रात्री जागवितात. आपल्या बोरघाटाच्या ह्या अंगाला पुणे आणि त्या अंगाला वांगणी, आणि मध्ये आपण.

ज्योतिर्विद्या ह्या शब्दाने कोणी बिचकू नये. फलज्योतिषाशी तिचा संबंध नाही. फलज्योतिषाची परीक्षा पाहावयाची असेल तर तीही पुण्यातच झाली आहे. डॉ. जयंत नारळीकर, डॉ. नरेंद्र दाभोलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दोनशे मुलांच्या कुंडल्या गोळा केल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांनी कुंडली पाहून मूल कोणत्या गटातले एवढेच ओळखावयाचे. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस कुंडल्यांची उत्तरे पाठविली, आणि बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण शेकडा 46 निघाले. हा निष्कर्ष 2009 साली प्रसिद्ध झाला. नाणे उडवून उत्तर दिले असते तरी शेकडा पन्नास साधले असते! मुलीच्या लग्नासाठी अजूनही चोरून पत्रिका दाखविणाऱ्या आपल्या उपासकांनी हा आकडा घरी जाऊन सांगावा.

आता मी जरा अवघड मुद्द्यावर येतो. वेधशाळेचे दार सर्वांना उघडे आहे, हे खरे. पण उघड्या दारातून सर्व माणसे आपोआप आत जातात असे कोठे आहे? कामशेतच्या वस्तीतला मुलगा शहराच्या मध्यवस्तीतील जिना चढताना थबकतो. आत कोणी अडवीत नाही. अडविणारा त्याच्या मनातच उभा असतो, आणि त्याला तेथे कोणी उभे केले हे मी आपणास सांगावयास नको.

मेघनाद साहा हे नाव घरातील मुलांना शिकवा. 1893 साली ढाक्याजवळच्या शेवडातली गावी एका लहान दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. ते अस्पृश्य नव्हते, पण खालच्या मानलेल्या जातीचे होते. कलकत्त्याच्या विद्यार्थी वसतिगृहात वरच्या जातीच्या मुलांनी त्यांना आपल्या पंगतीस बसू दिले नाही, असे त्यांचे चरित्रकार लिहितात. ह्या पंगतीबाहेरच्या मुलाने 1920 साली असे समीकरण दिले की, त्यावरून ताऱ्याच्या प्रकाशाच्या वर्णपटातील रेषा पाहून त्या ताऱ्याचे तापमान काढता येऊ लागले. त्याच समीकरणाच्या आधाराने 1925 साली सिसिलिया पेन ह्या तरुणीने तारे मुख्यतः हायड्रोजनचे आहेत हे दाखविले. ती ज्या केंब्रिजमध्ये शिकली तेथे त्या काळी स्त्रियांना पदवीच देत नसत. साहा पुढे 1952 साली अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले, आणि त्यांच्याच अध्यक्षतेखालील समितीने सुचविलेली राष्ट्रीय दिनदर्शिका 22 मार्च 1957 पासून लागू झाली. पंगतीला न बसू दिलेल्या माणसाने देशाचे पंचांग दुरुस्त केले. आणि 2016 साली हैदराबादेत गेलेल्या रोहित वेमुला ह्या तरुणानेही शेवटच्या पत्रात आपल्याला कार्ल सेगनसारखे विज्ञान लिहावयाचे होते असे म्हटले होते, हे आपणांपैकी पुष्कळांना आठवत असेल.

म्हणून माझी सूचना अशी आहे. प्रथम पुण्याच्या वेधशाळेत जा. एकट्याने नव्हे, पाच-सहा कुटुंबांनी मिळून लोकलने जा, मुलींना अवश्य न्या, आणि जिना थांबून न राहता चढा. तेथून परत आल्यावर मावळात आपले स्वतःचे आकाशमंडळ काढा. ह्याला घुमट लागत नाही. अमेरिकेत जॉन डॉब्सन हा रामकृष्ण संप्रदायाचा संन्यासी होता. मठाबाहेर जाऊन लोकांना दुर्बीण दाखवितो ह्या नादापायी 1967 साली त्याला मठ सोडावा लागला. त्याने प्लायवूड, पुठ्ठ्याची नळी आणि हाताने घासलेली जाड काच एवढ्यातून मोठमोठ्या दुर्बिणी केल्या, आणि 1968 पासून आपल्या साथीदारांसह सॅन फ्रान्सिस्कोच्या पदपथावर त्या मांडून जाणाऱ्या-येणाऱ्याला हाका मारून आकाश दाखविले. त्याच पद्धतीची सहा इंची आरशाची दुर्बीण आपल्या डोळ्यापेक्षा चारशेपटींहून अधिक प्रकाश गोळा करते. शनीचे कडे तिच्यातून स्वच्छ दिसते. गुरूचे ते चार चंद्र दिसतात, जे गॅलिलिओने 1610 च्या जानेवारीत पाहिले आणि ज्यांची जागा रोज बदलते हे मुलांना चार रात्रींत वहीवर मांडता येते. ते मांडावयास लावा. नुसते "वा, छान!" म्हणून पुढे सरकणाऱ्या रांगेने वेधशाळा होत नाही, जत्रा होते.

ह्या कामात नेटाची गरज आहे, विद्वत्तेची कमी. रांग कोणी लावावयाची, लहानांसाठी पाट कोणी आणावयाचा, दव पडू लागले की आरसा कोणी झाकावयाचा, वहीत तारीख, वेळ आणि ढग किती हे कोणी लिहावयाचे, हे आधी ठरवा. आठवीतील मुलगी हे सारे करू शकते, आणि तिने केले तर फार बरे. एक सूचना हसत हसत करतो, पण ती गंभीर आहे. दुर्बिणीला दसऱ्याला हळदकुंकू लावू नका, आणि तिच्याशेजारी कोणाची तसबीर ठेवून हारही घालू नका. आरशाला धूळ आणि बोटांचे ठसे सोसत नाहीत. फुलांचे तर विचारूच नका.

मावळाची अडचण मावळाला ठाऊक आहे. जूनपासून सप्टेंबरअखेर येथे आकाशच नसते. वेधशाळेलाही वर्षावास आहे म्हणा ना! त्या चार महिन्यांत भिक्खू जसे एका जागी राहून अध्ययन करीत तसे विहारात वर्ग घ्यावेत. कंदील आणि दोन चेंडू घेऊन ग्रहण करून दाखवावे. ऑक्टोबर ते मे आपले. दुसरी अडचण अलीकडची आहे. द्रुतगती मार्ग, तळेगाव-चाकणचे कारखाने आणि लोणावळ्याची विश्रामगृहे ह्यांच्या दिव्यांनी रात्र पांढुरकी केली आहे. तरी पवन मावळात, नाणे आणि आंदर मावळात आत शिरले की अजून आकाशगंगा दिसते. भाजे लेण्यात विहाराच्या ओसरीवर चार घोड्यांच्या रथातील सूर्य कोरलेला आहे असे जाणकार सांगतात. ती लेणी ज्यांनी वसविली त्यांना उपोसथाचा दिवस चंद्र पाहूनच ठरवावा लागे. आज आपण वैशाखी पौर्णिमा भिंतीवरच्या कागदावर पाहतो आणि खिडकीबाहेर पाहत नाही.

2 ऑगस्ट 2027 रोजी दुपारनंतर आपल्याकडे खंडग्रास सूर्यग्रहण आहे. इजिप्तमध्ये लक्सरच्या परिसरात तेच खग्रास असून सहा मिनिटांहून अधिक टिकेल. आपल्याकडे तो ऐन पावसाचा महिना, म्हणून राहूपेक्षा ढगांचीच भीती अधिक. तरी तयारी असावी. सूर्याकडे नुसत्या डोळ्यांनी, काजळी धरलेल्या काचेतून अथवा जुन्या क्ष-किरण चित्रातून मुळीच पाहू नये, आणि योग्य गाळणी बसविल्याशिवाय दुर्बीण त्या दिशेला वळवूही नये. क्षणात दृष्टी जाते. ग्रहणातला खरा धोका तो एवढाच, आणि तो ग्रहण नसतानाही तितकाच असतो. पुठ्ठ्याला टाचणीने भोक पाडून सूर्याचे बिंब कागदावर पाडावे, म्हणजे साऱ्या वस्तीला एकदम पाहता येईल.

चंद्रग्रहणाला मात्र कशाचेही भय नाही. 7 सप्टेंबर 2025 च्या रात्री 82 मिनिटे चंद्र पूर्णपणे पृथ्वीच्या छायेत होता. पुढे 31 डिसेंबर 2028 च्या रात्री असेच खग्रास चंद्रग्रहण आपल्याला दिसेल. साडेदहाच्या सुमारास चंद्र पुरता तांबूस झालेला असेल, कारण पृथ्वीच्या वातावरणातून वळून गेलेला तांबडा प्रकाशच तेवढा त्याच्यापर्यंत पोहोचतो. छायेची कड चंद्रावर चढताना तिच्याकडे नीट पाहा, ती वाटोळी असते. पृथ्वी गोल असल्याची ही खूण दोन हजारांहून अधिक वर्षांपूर्वी अॅरिस्टॉटलने दिली होती. त्या रात्री लोणावळ्यात नववर्षाची झुंबड आणि दिव्यांचा लखलखाट असणार, म्हणून आपण पवनेच्या बाजूला एखाद्या उघड्या माळावर जमू. अंधाराला डोळे सरावण्यास वीस-पंचवीस मिनिटे लागतात, तेव्हा नऊच्या आत पोहोचावे. घोंगडी, पिण्याचे पाणी आणि लाल कागद गुंडाळलेली विजेरी बरोबर आणावी. भाकरी तेथेच, ग्रहण चालू असतानाच खाऊ. गरोदर सुनांना घरी ठेवून येऊ नये. त्यांच्यासाठी दोन खुर्च्या आपण नेणार आहोत.